गुरुजींचा सुभा

गायकवाड गुरुजी 'प्रदेश' म्हणत नसत, 'सुभा' म्हणत. निजामाच्या वेळचा शब्द. माझ्या वडिलांच्या तोंडी होता. हर्सूलला आमच्या दोन घरांत एकच भिंत. सकाळी चहाचा कप घेऊन ते ओट्यावर यायचे आणि मी विचारलेलं नसताना सांगायचे, "वहिनी, ब्रिटनी सुभ्यात आज पाऊस."

ब्रिटनी म्हणजे फ्रान्सचं पश्चिमेचं टोक. तिथं त्यांची मुलगी नोकरीला. बायको वारल्यावर ती त्यांना कायमचं बोलवत होती आणि जावं की राहावं, हे गुरुजींचं ठरत नव्हतं. जन्मभर भूगोल शिकवलेला माणूस. ठरेपर्यंत त्यांनी तो मुलूखच अभ्यासाला घेतला. वर्गात मी एकटी, चौथी पास.

तीन बाजूंनी समुद्र, मध्ये खडक आणि वारा. ओहोटीला पाणी इतकं मागं जातं की होड्या चिखलात बसून राहतात. फार पूर्वी पलीकडच्या ब्रिटनमधून लोक समुद्र ओलांडून इथं आले, येताना आपल्या मुलखाचं नावही घेऊन आले. पुढं त्यांचं वेगळं राज्य झालं. शेवटी गादीवर मुलगी उरली आणि तिचं लग्न फ्रान्सच्या राजाशी लागलं.

"म्हंजी पोरगी दिली अन् मुलूखबी गेला," मी म्हटलं.

"लगेच नाही गेला, वहिनी. पण गेला."

आपलंही तसंच, म्हणाले. आधी निजाम, मग मुंबई राज्य, मग महाराष्ट्र. माणसं होती तिथंच.

त्या हिवाळ्यात ते न्हाणीत पडले. भिंतीपलीकडून मला आवाज आला म्हणून बरं. मी सरळ सांगितलं, आता जा, पुन्हा पडलात तर मला उचलणं व्हायचं नाय. ते कंबर धरून ओट्यावर बसले.

"ते ब्रिटनचे लोक नाव घेऊन गेले. मी काय नेऊ?"

"स्वेटर."

गुरुजी मुलीकडं गेले. घर विकलं. आता तिथं कारखान्यातली पोरं राहतात. त्यांच्या पाळ्या वेगवेगळ्या, तोंडं ओळखू येत नाहीत.

गुरुजी तिकडंच वारले. मुलीनं कळवलं. त्याआधी त्यांचा एकदा फोन आला होता. माणसं कशी आहेत, मी विचारलं.

"चांगली आहेत. हसतात, वाट देतात. बोलायला कुणी नाही, वहिनी."

"मग हितं तरी कोण ऱ्हायलंय?"

फोन बराच वेळ कुणी ठेवला नाही.