काचेच्या खोलीतली मोकळीक

माझे कान अगदी ठणठणीत आहेत. रीतसर तपासून घेतलेत, आणि तपासताना अब्रू गेली.

झालं असं, की दुपार कलली की कुणीतरी डोक्याभोवती पट्टा आवळतंय असं मला वाटायचं. डॉक्टर म्हणाले, ताणाची डोकेदुखी. मी म्हटलं, "आणि ऐकूही कमी येतं हो! त्यातून सून बोलते ते तर मुळीच नाही." (ती मुद्दाम पुटपुटते, अशी माझी पक्की खात्री!) शेवटी तीच, बिचारी सायली, अर्धी रजा टाकून मला मुलुंडातच कान तपासायला घेऊन गेली.

तिथल्या मुलीने मला एका काचेच्या खिडकीच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. "काकू, टीं ऐकू आलं की दाबायचं. खोली साउंडप्रूफ आहे, बाहेरचं काही आत येणार नाही."

मी लगेच दाबलं. पुन्हा दाबलं. कान चांगले ठरले म्हणजे सुनेचं पुटपुटणं सिद्ध!

"काकू, मी अजून सुरूच नाही केलं!"

ती मशीनशी खटपट करत बसली. आता माझा जन्म गेला चाळीत आणि मग वन बीएचकेत. स्वयंपाकघरात उसासा टाकला तर हॉलमधून "काय झालं?" येतं! आयुष्यात पहिल्यांदा साउंडप्रूफ खोली मिळाली होती. बाहेरचं आत येत नाही, म्हणजे आतलंही बाहेर जात नाही, असा मी हिशेब केला आणि सुटलेच!

"मेली आमटीत गूळ ओतते, कोकम बघेल तर शपथ! नवऱ्याशी खुसुखुसु, माझ्याशी पुटपुट! आणि हिची आई एकदा आली की हलायचं नाव नाही!"

खिडकीतून पाहिलं, तर बाहेर बाकावर वाट बघणारे लोक उठून उभे. एका आजोबांनी तोंडाला रुमाल लावलेला. मला वाटलं, टीव्हीवर काहीतरी झकास लागलंय.

तेवढ्यात हेडफोनमधून हळूच आलं, "काकू... आतला माईक चालू आहे हो, बाहेर स्पीकरवर सगळं ऐकू येतंय."

सायली खाली मान घालून माझी पर्स सांभाळत बसली होती. धरणीमाते, पोटात घे गं!

तपासणी झाली. तिथले डॉक्टर म्हणाले, "कान छान आहेत. डोकं असं आवळलेलं असलं की लक्ष लागत नाही, मग वाटतं ऐकूच येत नाही. घरात काही ताण?"

बाहेर आजोबा खोकले.

"ताण कसला, डॉक्टर," सायलीच म्हणाली. "आईंच्या मनात जरा साठून राहतं, एवढंच."

चपराक मारली असती तरी बरं वाटलं असतं!

रिक्षात मी तिचा हात धरला. "सायली, चुकलं गं माझं."

तिने माझी पर्स माझ्या मांडीवर ठेवली. मग म्हणाली, "डोकं कसंय आता?"

खोटं कशाला बोलू? "अगदी हलकं झालंय गं! कापसासारखं!"

तिने डोळे मिटले आणि दोन्ही हातांनी कपाळ दाबून धरलं. "माझं चढलंय, आई."

डोकेदुखी एकाची दुसऱ्याला लागत नाही म्हणतात. म्हणणाऱ्यांना माझ्यासारखी सासू नसावी!