दोन तुकडे, दोन नंबर

जुन्या क्लॅरिनेटचं वय सांगायचं असलं की भिंगवाली शिक्का आधी बघत नसे. शिक्का काय, कुणीही मारतो, असं तिचे वडील म्हणायचे. ती आधी अंगठ्याने लाकूड चोळायची आणि हुंगायची. गंधकाचा वास आला तर ते लाकूड नव्हेच, काळं कडक रबर. मग चाव्या बघायची, ओतलेल्या की ठोकून घडवलेल्या. मग उजव्या अंगठ्याच्या टेकूवरचा मुलामा किती झिजलाय ते. भिंग सगळ्यात शेवटी. वडिलांमागे दुरुस्तीचं दुकान तिने एकटीने चालवलं, लग्नाच्या भानगडीत पडली नाही, आणि पंचवीस वर्षांत तिने लिहून दिलेल्या किमतीच्या पत्रावर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

त्या सकाळी जुन्या ओळखीतल्या काकू काकांच्या क्लॅरिनेटची पेटी घेऊन आल्या. काका एके काळी बँडमध्ये पुढच्या, मुख्य वादकाच्या खुर्चीवर बसायचे. आता गुडघे गेले, आणि घर तिसऱ्या मजल्यावर.

"हे विकलं की तळमजल्यावरची खोली मिळतेय बघ," काकू म्हणाल्या. "वाद्यांचा दलाल चार वाजता घरी येतोय. म्हणाला, तुमच्या त्या भिंगवालीचं पत्र दाखवा, दुसरं काही नको."

"काका विकायला तयार झाले?"

"आठ वर्षं हात लावला नाही त्यांनी. नुसतं धूळ खातंय. मीच म्हटलं, तुम्ही दोघंही खाली उतरा आता!"

काकू हसतच गेल्या. भिंगवालीने लाकूड चोळलं, हुंगलं. अस्सल लाकूड. चाव्या ठोकून घडवलेल्या. साठ वर्षं कुठे गेली नाहीत. दलाल चांगली किंमत देईल. मग तिने भिंग डोळ्याला लावलं. वरच्या तुकड्यावरचा नंबर एकाने संपत होता, खालच्यावरचा साताने.

दोन नंबर म्हणजे दोन वाद्यं. दलाल त्याला सुटे भाग म्हणणार आणि त्याच भावाने नेणार.

तिने खालचा तुकडा उजेडाकडे धरला. एक बारीक तडा, त्यात भरलेली लाकडाची पूड, जराशी तिरपी. तिच्याच हातची. पण काकांच्या क्लॅरिनेटला तडा कधी गेलाच नव्हता. तडा होता शाळेतल्या संगीत मास्तरांच्या क्लॅरिनेटला.

टेबलावर एका वेळी एकच वाद्य उघडायचं, ही वडिलांची शिस्त. तिने ती एकदाच मोडली होती, आठ-नऊ वर्षांपूर्वी, आई दवाखान्यात होती त्या आठवड्यात. एकाच कारखान्याची दोन क्लॅरिनेटं, दोन्ही सुटी, चाव्यांखाली नवे पॅड बसवलेली, आणि तिचं सगळं लक्ष दवाखान्याकडे.

ती उठली. झाडू घेतला, ठेवला. चहा टाकला आणि उतू घालवला. खरं म्हणजे चूक तिला तेवढी टोचत नव्हती. टोचत होतं ते नंतरचं. दुरुस्तीनंतर पंधरा दिवसांनी काका आले होते. "खालचे सूर चढे लागतायत गं." तिने वाजवून बघायची तसदीही घेतली नाही. "काका, पॅड नवे आहेत, बसायला वेळ लागतो." महिन्याने पुन्हा आले, तेव्हा ती हसत म्हणाली होती, "आता दम पूर्वीचा राहिला का तुमचा?" त्याच वर्षी काकांनी पुढची खुर्ची सोडली.

देवा, एवढी वेळ निभावून ने, असं म्हणायला तिचे ओठ हलले. पण काय निभावायचं? काकांना वाद्य मिळालं तेव्हापासून असंच होतं, एवढं लिहिलं तरी चालून गेलं असतं. काकूंनाही खरं वाटलं असतं. तिने पत्राचा कागद काढला, पुन्हा खणात टाकला, पेटी उचलली, दुकानाला कुलूप लावलं आणि ती तडक शाळेत गेली.

मास्तर मुलांचा गोंगाट सोडून बाहेर आले. कपाटातून पेटी काढली. तिने खालच्या तुकड्यावरच्या नंबराचा शेवटचा आकडा बघितला. एक.

"म्हणजे इतकी वर्षं मी अर्धं दुसऱ्याचं वाजवतोय?" मास्तर म्हणाले. "तरीच! मी मुलांच्या कानांना दोष देत होतो."

तुकडे बदलून ती काकांचे तीन मजले धापा टाकत चढली. तीन वाजले होते. तिने उभ्यानेच सगळं सांगितलं, दमाचं बोललेलंसुद्धा. बसायचा धीर झाला नाही.

काकूंचा आवाज चढला. "अगं, रात्र रात्र बसून असायचे हे! मी हात जोडायचे, आता पुरे करा. आणि तू म्हणे, दम!"

"थांब जरा," काका म्हणाले. त्यांनी क्लॅरिनेट जोडलं. तोंडाशी बसणारी वेताची रीड ओली करायला त्यांना बराच वेळ लागला. मग सगळ्यात खालचा सूर लावला आणि दोन-तीन सूर वर येऊन पुन्हा खाली गेले. सूर जागच्या जागी होते. दमही होता, म्हाताऱ्याला असावा तेवढा.

"विकू नका मग," काकू हळूच म्हणाल्या.

"विकायचं. जिना काय आता बुटका होणारे?" त्यांनी वाद्य खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच तिच्याकडे बघितलं. "तू पत्र लिही. चूक तुझी होती तेही लिही."

"लिहिते."

"आणि मी खुर्ची का सोडली, तेही."

"काका, किमतीच्या पत्रात तसलं नाही लिहीत."

"मग कशात लिहितात?"

तिने कागद टेबलावर पसरला. वय, लाकूड, चाव्या, नंबर, सगळं लिहिलं. सहीच्या वर जागा उरली होती. खाली रस्त्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला, काकू खिडकीशी गेल्या. तिने पेन पुन्हा उचललं आणि लिहिलं, दुरुस्तीत तुकडे माझ्याकडून बदलले गेले, आणि वाजवणाऱ्याचा दोष नसताना मी तो त्यांना दिला.

काकांनी चष्मा लावून ती ओळ वाचली. कागदाची घडी घालून त्यांनी तो पेटीत ठेवला. जिन्यावर दलालाची पावलं वाजायला लागली, तेव्हा ती अजून उभीच होती.