गोकुळाबाईनं मांडलेलं टेबल

देवानंदनं फेकलेला स्टीलचा ग्लास गोकुळाच्या जबड्यावर बसला तेव्हा त्यात अर्धी मोहाची दारू होती. दारू डोळ्यांत गेली आणि दोन दाढा तोंडातच सुट्या झाल्या. कारण एवढंच की मरळीच्या रश्शात मीठ कमी होतं. देवानंद तेवढ्यावर थांबला नाही. त्यानं रश्शाचं ताट उचलून तिच्या डोक्यात घातलं, ती खाली पडली तशी कमरेत लाथ घातली. शेजारची बुधरी ओरडत आत आली म्हणून गोकुळा त्या दिवशी वाचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नवऱ्याचं घर सोडून माहेरी आली. माहेर चिमूरकडचं. तलावाच्या काठाला मासे धरणाऱ्या ढिवरांची वीस-पंचवीस घरं, त्यातलं एक. आई रुखमाबाई दारात मासे साफ करत बसली होती. तिनं लेकीचं सुजलेलं तोंड पाहिलं, हातातला मासा टोपल्यात टाकला आणि म्हणाली, "आता तिकडं जाऊ नोको. मासे इथीबी हायेत."

पुढची दोन वर्षं गोकुळा पावशीवर बसून मासे कापत राहिली. पावशी म्हणजे पायाखाली दाबून धरायची विळी. तिच्यावर तिचा हात असा चालायचा की कतल्याचे तुकडे एकसारखे पडायचे. मग जंगलाच्या फाटकाजवळ वाघ बघायला येणाऱ्यांसाठी एक मोठं रिसॉर्ट झालं आणि तिथं भांडी धुवायला गावातल्या बायका घेतल्या. गोकुळा त्यात होती.

तिथलं जेवणघर भैयाजी सांभाळायचे. नागपूरच्या एका क्लबात त्यांनी तीस वर्षं टेबलं मांडली होती. एकदा त्यांनी पाहिलं, की ही बाई धुतलेला प्रत्येक ग्लास उजेडाकडं धरून बघते आणि डाग दिसला तर न सांगता पुन्हा धुते. आठवड्याभरात त्यांनी तिला मोरीतून उठवून टेबलावर घेतलं.

"काटे डावीकडं, सुरी उजवीकडं, सूपचा चमचा सुरीच्या बाहेर," भैयाजी शिकवायचे. "जे पहले लागते ते सगळ्यात बाहेर ठेवाचं. खाणारा बाहेरून आत येत जाते. गोडाचा चमचा प्लेटीच्या डोक्यावर. अन् सुरीचं पातं आत, प्लेटीकडं."

"काऊन?"

"बाजूला बसलेल्याकडं पातं करून जेवाले बसत नाई, गोकुळाबाई. म्हणते की पहले लोक जेवता जेवता एकमेकाले भोसकत. तवापासूनची रीत हाय."

बाकी कुणाला हे गमतीचं वाटलं असतं. गोकुळाला ते लगेच पटलं.

माशाची सुरी पाहून मात्र ती हसली होती. रुंद, बोथट, टोकाशी जराशी वाकडी. "यानं मासा कापला जाते?"

"शिजलेल्या माशाले कापाचं नसते. काट्यावरून सोडवाचं असते."

खरी धार दातेरी सुरीला होती. ती जाड मटणासाठी. अशा बारा सुऱ्या एका कुलपाच्या खणात असायच्या आणि किल्ली भैयाजींच्या करदोड्याला. कुणी बकऱ्याच्या चापा मागवल्या तरच तो खण उघडायचा.

जिल्ह्यातली दारूबंदी उठली आणि खोकीच्या खोकी भरून काच आली. लाल वाईनचा ग्लास पोटाला मोठा, पांढरीचा अरुंद, फेसाळणाऱ्या वाईनचा उंच आणि सडपातळ. या तिन्हींना लांब दांडी. ग्लास दांडीला धरायचा, म्हणजे हाताची ऊब वाईनला लागत नाही. व्हिस्कीच्या ग्लासाला दांडी नाही, त्याचा तळ दोन बोटं जाड. पहिल्या आठवड्यात गोकुळाच्या हातून तीन ग्लास फुटले. प्रत्येक वेळी तिनं डोळे मिटून जबडा दोन्ही हातांनी झाकला. मारायला कुणी आलं नाही. भैयाजी झाडू घेऊन आले, एवढंच.

दोन हजार तेवीसच्या एप्रिलमध्ये एका दुपारी चौदा जणांचं टेबल लागलं. राजुऱ्याकडं कोळशाचे ट्रक चालवणारे दोन भाऊ सहकुटुंब आले होते. थोरला सुनिल, धाकटा विक्की. सकाळच्या फेरीत वाघ दिसला नव्हता. विक्की अकरापासून पीत होता. जेवणात भाजलेला कतला होता, म्हणून गोकुळानं माशाच्या सुऱ्या, माशाचे काटे आणि पांढऱ्या वाईनचे ग्लास लावले होते. विक्कीनं वाईनचा ग्लास पुढं ओढला आणि त्यात काठोकाठ व्हिस्की ओतली.

त्याची बायको पुनम शेजारी बसली होती. तिनं काटा उजव्या हातात धरला.

"खेड्यातली ते खेड्यातलीच," विक्की सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "काटा कोणत्या हातात धराचा तेबी इले समजत नाई."

पुनम हसत म्हणाली, "तुमी तं वाईनच्या ग्लासात व्हिस्की पिऊन राह्यले."

टेबलावरचे सगळे हसले. सुनिलची बायको तर टाळी देऊन हसली. विक्कीनं पुनमच्या थोबाडीत मारली. हसणं जागच्या जागी थांबलं. मग त्यानं तिचे केस धरले आणि तिचं तोंड समोरच्या प्लेटवर आपटलं. एकदा, दोनदा. प्लेट फुटली. तिच्या नाकातून रक्ताची धार लागली आणि माशावर पडली. चौदा खुर्च्यांपैकी एकही मागं सरकली नाही.

"विक्की, बस झालं," सुनिल म्हणाला, पण हातातला काटा त्यानं खाली ठेवला नाही.

गोकुळा भाताचं भांडं घेऊन येत होती. तिनं भांडं बाजूच्या टेबलावर ठेवलं, सरळ गेली आणि विक्कीचं मनगट धरलं.

"सोडा तिले."

"तू कोण वं मले सांगणारी?"

"सोडा म्हणतो ना!"

त्यानं पुनमचे केस सोडले आणि हातातला ग्लास टेबलाच्या कडेवर हाणला. वरची वाटी फुटली. मुठीत दांडी राहिली आणि दांडीच्या टोकाला काचेचे उभे दात. पहिला वार गोकुळाच्या उजव्या हातावर आला. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी उघडली. दुसरा वार तोंडाकडं येत होता तेवढ्यात भैयाजींनी मागून विक्कीला मिठी घातली. विक्की पिळवटून फिरला आणि काच त्यानं म्हाताऱ्याच्या काखेच्या वर, खांद्याच्या खोबणीत खुपसली. खुपसून फिरवली. दांडी मोडली. पुढचा तुकडा आतच राहिला.

भैयाजींच्या पांढऱ्या कोटावर रक्त फुलत गेलं आणि ते भिंतीला टेकून खाली घसरले.

विक्की मोडकी दांडी घेऊन पुन्हा पुनमकडं वळला. गोकुळाच्या डाव्या हाताला विक्कीचा सकाळपासूनचा, टेबलावर राहिलेला व्हिस्कीचा ग्लास लागला. तिनं तो जाड तळाकडून विक्कीच्या कानशिलावर मारला. हाडाचा आवाज झाला. तो डुलला. तिनं पुन्हा मारला, त्याच जागी. विक्की टेबलावरची चादर मुठीत धरूनच खाली कोसळला आणि त्याच्यामागं टेबलावरची सगळी काच धडाधड फरशीवर आली. गोकुळानं तिसऱ्यांदा हात उचलला.

"तिसरा मारला असता तं तो मेला असता," ती आजही सांगते. "अन् मले तो माराचाच होता. खोटं कायले बोलू?"

तेवढ्यात भैयाजी कण्हले. हातातला ग्लास टाकून ती त्यांच्याकडं धावली. दिसतील तेवढे नॅपकिन गोळा करून तिनं जखमेवर दाबले आणि आपलं सगळं वजन त्यावर टाकलं. आत काच आहे, ती ओढायची नाही, हे तिला न सांगता कळलं. माशाचा काटा हातात मोडला की उपसणाऱ्याचा हात सडतो, हे तिनं तलावावर पाहिलं होतं.

जंगलात फिरवायच्या उघड्या जिप्सीतून भैयाजींना तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. पस्तीस मिनिटांचा रस्ता, निम्मा खड्ड्यांचा. प्रत्येक खड्ड्याला तिच्या बोटांतून गरम रक्त उसळायचं. तिचा स्वतःचा हात गळत होता, तो तिनं पदरानं आवळला होता.

"गोकुळाबाई," भैयाजी पुटपुटले, "टेबलाखाली काच सांडली असन. कोणाच्या पायाले लागन."

"लागू द्या त्यायले. तुमी गप पडून राहा."

डॉक्टरांनी खांद्यातून अंगठ्याएवढी काच काढली आणि पोलिसांसाठी बाटलीत सील करून ठेवली. गोकुळाच्या हाताला एकोणीस टाके पडले. भैयाजींना पुढं नागपूरला हलवलं. जीव वाचला, पण उजव्या हाताची नस तुटली ती तुटलीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाणेदार रिसॉर्टवर आले, तेव्हा हकिकत उलटी झाली होती. सुनिल आणि रिसॉर्टचा मॅनेजर एका सुरात सांगत होते की म्हातारा वेटरच सुरी घेऊन पाहुण्याच्या अंगावर गेला, पाहुण्यानं जीव वाचवायला हात चालवला, आणि या बाईनं मागून त्याचं डोकं फोडलं. पुरावा म्हणून एक दातेरी सुरी कागदावर ठेवली होती. पात्याला रक्त होतं.

ठाणेदारांनी गोकुळाला बोलावलं. "ही सुरी ओळखतेस?"

"ओळखतो साहेब. मटणाची सुरी हाय."

"टेबलावर होती?"

"नाई. काल मासा होता. माशाले ही लावतच नाई. काल ती खणातच होती."

"कोणी काढली असेल."

"किल्ली भैयाजीच्या करदोड्याले राह्यते. दवाखान्यात त्यायचे कपडे काढले तवा नर्सबाईनं ती पिशवीत टाकली. पिशवी माह्याजवळ हाय." तिनं किल्ली पुढं केली. "दुसरी किल्ली मॅनेजर साहेबाजवळ असते."

मॅनेजर म्हणाला, "ही भांडी घासणारी बाई, हिला काय कळतं?"

ठाणेदार त्याच्याकडं न बघता म्हणाले, "काल पाहुण्यापुढं काय काय होतं ते मांडून दाखव."

उजवा हात गळ्यात बांधलेला. गोकुळानं डाव्या हातानं एका माणसाचं पान मांडलं. प्लेट, डावीकडं माशाचा काटा, उजवीकडं माशाची बोथट सुरी, वर गोडाचा चमचा, सुरीच्या टोकाशी पाण्याचा ग्लास, त्याला लागून पांढऱ्या वाईनचा. "असे चौदा," ती म्हणाली. मग तिनं बोथट सुरी उचलून ठाणेदारांच्या हातात दिली. "पाहा, यानं कोणी कोणाले भोसकून दाखवावं. अन् खांद्यातून निघाली ते काच हाय, लोखंड नाई."

दाराशी पुनम उभी होती. नाकावर पट्टी, दोन्ही डोळे काळेनिळे. सुनिलनं तिला गाडीत बसून राहायला बजावलं होतं.

"ते खरं सांगून राह्यली," ती म्हणाली. "सुरी नंतर आणली. थोरल्या भाऊजीनं मॅनेजरकडून मागवली अन् खाली सांडलेल्या रक्तात फिरवली. म्या पाह्यलं."

सुनिल तिच्या अंगावर धावला. हवालदारानं त्याला छातीवर हात देऊन थांबवलं. तरी त्याचा एक बुक्का पुनमच्या खांद्यावर बसला, सगळ्या पोलिसांदेखत. त्यानंतर ठाणेदारांना फारसं काही विचारावं लागलं नाही.

विक्की दवाखान्यातून सुटला तो कोठडीत गेला. त्याचा डावा कान कायमचा गेला. तीन महिन्यांनी तो जामिनावर बाहेर आला. रिसॉर्टनं मॅनेजरला काढलं आणि पाहुण्यावर हात उचलला म्हणून गोकुळालाही काढलं. ती परत तलावावर गेली.

पावसाळ्यात भर दुपारी दोन अनोळखी माणसं मोटारसायकलवर तलावाच्या पाळीवर आली. त्यांनी वाळत घातलेलं जाळं कापलं, रुखमाबाईला ढकलून दिलं आणि गोकुळाला झोंबून खाली पाडलं. एकानं तिच्या टाके भरून आलेल्या हातावर बूट ठेवला. "कोर्टात तोंड उघडशील तर हाच हात तोडून नेऊ." तिनं त्याच्या पोटरीला दातांनी धरलं आणि मांस तोंडात येईपर्यंत सोडलं नाही. त्याच्या बोंबेनं डोंग्यातली माणसं वल्ही घेऊन धावली. त्या दोघांना इतका मार बसला की एकाला उचलून न्यावं लागलं. मोटारसायकल तलावात गेली.

कोर्टात गोकुळानं तोंड उघडलं. विक्कीच्या वकिलानं तिला दीड तास उलटसुलट विचारलं. तूच आधी मारलं का, तुझ्या नवऱ्यालाही तू मारायचीस का, काचेच्या ग्लासांतला फरक तुझ्यासारखीला कसा कळतो. तिनं शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तेवढं लांब दिलं. कोणता ग्लास कुठं फुटतो, कोणाचा तळ टिकतो, दांडी मोडली की हातात काय उरतं. न्यायाधीश लिहून घेत होते. तिच्यानंतर पुनमनं साक्ष दिली. ती आता धानोऱ्याला भावाकडं राहते. विक्कीला सात वर्षांची शिक्षा झाली. अपील चालू आहे.

निकाल ऐकून बरं वाटलं का, असं ही हकिकत लिहून घेताना मी गोकुळाला विचारलं. ती म्हणाली, "बरं कायचं? भैयाजीले डाव्या हातानं जेवा लागते."

भैयाजींच्याच ओळखीनं तिला चिमूरला नव्या हॉटेलात काम मिळालं. तिथलं सगळं जेवणघर आता तिच्याकडं आहे. हाताखाली सहा बायका आहेत. नवी बाई आली की गोकुळा तिला पहिल्या दिवशी काटे-चमचे शिकवत नाही. जवळ बसवते आणि सांगते, "गिऱ्हाइकानं हात उचलला तं एकटी भिडू नोको. हातातलं ताट खाली ठेव अन् जोरात आवाज दे. आमी सगळ्या येतो."

गेल्या दिवाळीत एकदा तसा आवाज आला. सहाच्या सहा बायका गेल्या. एकीच्या हातात लाटणं होतं. गिऱ्हाईक जेवण अर्धं टाकून निघून गेलं.