पारखी आणि सकाळचा मासा

मासळीबाजारात त्यांना सगळे पारखी म्हणत. समुद्रापासून दोन दिवसांच्या वाटेवरचं ते गाव. मासळी बर्फात गाडून ट्रकमधून यायची, आणि ट्रकचं फळकं खाली पडलं की बाकीचे विक्रेते बाजूला होऊन पारख्यांना वाट द्यायचे. ते सावकाश पुढे जात, माशाच्या डोक्यामागे अंगठा दाबत, कल्ला उचलून नाकाशी नेत आणि नुसती मान हलवत. तेवढ्यावर पेटी दुकानात जायची नाहीतर मागे फिरायची. अंग मऊ आणि धुऊन काढल्यासारखं स्वच्छ, तो मासा चांगला. लाकडासारखा ताठ म्हणजे कुणीतरी शीतगृहातला जुना माल खपवतोय. अंगाला चिकट ओल म्हणजे नासायला सुरुवात. तीस वर्षं या पारखेवर त्यांचं घर ताठ मानेनं उभं होतं.

समुद्र मात्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. यंदा लेकीने आणि जावयाने हट्टच धरला. बायको, लेक, जावई आणि सात वर्षांची नात, असे पाच जण सुट्टीला निघाले. पहिल्या संध्याकाळी पारखी वाळूवर बराच वेळ उभे राहिले. पाणी पायाशी यायचं, बोटांखालची वाळू ओढून न्यायचं आणि पुन्हा यायचं. बायको म्हणाली, अहो, बोला की काहीतरी. ते म्हणाले, एवढं मोठं असेल असं वाटलं नव्हतं. मग लगेच, आपण फार बोललो असं वाटून, त्यांनी नातीला माशांबद्दल सांगायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते किनाऱ्यालगतच्या एका छोट्या कॅफेत शिरले. पाच-सहा निळी टेबलं, वर कापडी छत, आणि दाराशीच एका परातीत मासे मांडलेले. आपण निवडायचा, मालकीणबाईंनी समोरच तव्यावर भाजून द्यायचा. बाई पन्नाशीच्या, मनगटापर्यंत खवले चिकटलेले. शेजारच्या टेबलावर लाल टोपीवाला एक गृहस्थ बायकोमुलांसह नुकताच जेवायला बसला होता.

जावई म्हणाला, "बाबा, आज निवडायचं काम तुमचं."

जावयाने असं सांगावं, यापरता मान कुठला? पारखी उठले. सगळ्यांना दिसेल अशा बेताने त्यांनी एक मासा उचलला. अंगठा दाबला, तर अंगठा रुतेना. शेपटीला धरून आडवा केला, तर मासा काठीसारखा सरळ राहिला. बोटांना चिकट तार लागली. त्यांच्या चेहऱ्यावर ते बाजारातलं समाधान पसरलं, चोर सापडल्याचं.

बाई म्हणाल्या, "सकाळचा आहे, काका."

"मला शिकवू नका, बाई. तीस वर्षं मासेच विकतोय." मग ते टेबलांकडे वळले आणि लिलावाच्या आवाजात म्हणाले, "हा शीतगृहातला माल आहे. काठी झालीय त्याची. वरून चिकट सुटलंय. लेकराबाळांना खाऊ घालू नका."

लाल टोपीवाल्याने मुलाच्या हातातला घास काढून घेतला आणि सगळे उठले. दाराशी आलेलं एक जोडपं आल्या पावली मागे फिरलं. बाईंनी वाद घातला नाही. मासा त्यांच्या हातून घेतला, परातीत ठेवला, आणि तव्याखालचा विस्तव बारीक केला.

रस्त्यात जावई सारखा म्हणत होता, बाबा होते म्हणून वाचलो. चालताना पारख्यांची पाठ दोन बोटं उंच झाली होती.

ऊन कलताना सगळे धक्क्यावर फिरायला गेले. एक म्हातारा नावाडी होडीतून टोपली उतरवत होता. त्याच जातीचे मासे, तसेच चिकट, आणि तसेच ताठ. पारख्यांनी एक उचलून पाहिला आणि हसत विचारलं, हे पण शीतगृहातले का?

"होडीत शीतगृह बसवलंय होय मी?" नावाड्याने टोपली खाली ठेवली. मग बाहेरगावचा माणूस दिसतोय म्हणून त्याने समजावून सांगितलं. पाण्यातून काढलेला मासा आधी ढिला असतो, मग तासा-दोन तासांत लाकूड होतो. ती चिकट ओल त्याची अंगचीच, जिवंतपणीची. ताठपणा दुसऱ्या दिवशी उतरतो, ओल बर्फाच्या पाण्यात धुऊन जाते. "मऊ पडला की आम्ही घरात खात नाही. तो तुमच्याकडे पाठवतो."

लेक नातीची वेणी नीट करू लागली. जावई समुद्राकडे बघत, वारा छान सुटलाय, असं म्हणाला. त्याने चेष्टा केली असती तरी चाललं असतं. त्याचं ते सांभाळून घेणं पारख्यांना सोसेना. नातीने मान वर करून विचारलं, "आजोबा, मग त्या मावशी खरं बोलत होत्या?"

"हो," ते म्हणाले. "तुम्ही पुढे व्हा."

कॅफे रिकामा होता. परात जवळजवळ तशीच भरलेली. बाई टेबलं पुसत होत्या. पारख्यांनी हात जोडले. चूक झाली, मला ठाऊक नव्हतं, असं काहीतरी ते पुटपुटले.

बाई पुसायच्या थांबल्या नाहीत. "मला सांगून काय उपयोग, काका? मासा सकाळचा आहे हे मला माहीतच होतं. ज्यांना ओरडून सांगितलंत, त्यांना सांगा."

मग पारखी लाल टोपी शोधत निघाले. किनाऱ्यावरचा एकेक कॅफे त्यांनी पाहिला. लोक जेवत होते, हसत होते, आणि हा म्हातारा प्रत्येक टेबलाशी वाकून डोक्यांकडे बघत पुढे जात होता. चौथ्या ठिकाणी तो गृहस्थ सापडला. त्याने तोंडभर हसून खुर्ची पुढे केली, या या, तुमच्यामुळे पोरं वाचली. पारख्यांनी उभ्यानेच सगळं सांगितलं. गृहस्थाचं हसू उतरलं. "अहो, पण मी तर आमच्या हॉटेलात सगळ्यांना सांगून बसलो. त्या बाईकडे जाऊ नका म्हणून."

"कुठलं हॉटेल?"

सकाळी घरच्यांची होडीतून फेरी ठरली होती. पारखी गेले नाहीत. बायकोने शर्टाची कॉलर सरळ करून दिली आणि कुठे जाताय ते विचारलं नाही. त्या हॉटेलच्या न्याहारीच्या खोलीत आठ-दहा टेबलं होती, चमच्यांचे आवाज होते. ते मधोमध उभे राहिले. कालचा आवाज काही केल्या लागेना; दोनदा खाकरल्यावर लोकांनी वर पाहिलं.

"निळ्या टेबलांच्या कॅफेबद्दल तुम्ही ऐकलं असेल," ते म्हणाले. "ते बोलणारा मी. मासा सकाळचाच होता. मला ताजा मासा ओळखता आला नाही."

काही जणांनी माना डोलावल्या. कुणीतरी चहा ओतून घेतला. वाढपी त्यांना वळसा घालून गेला. ते निघणार, तेवढ्यात खिडकीशी बसलेल्या एका आजींनी चष्मा वर सरकवला.

"तुम्ही मासे विकता, असं तिथे म्हणाला होतात म्हणे? मग तुमच्या गिऱ्हाइकांना कुठला मासा ताजा म्हणून देता?"

आजींच्या आवाजात टोमणा नव्हता, त्या खरंच विचारत होत्या. पारख्यांच्या डोळ्यांसमोर त्यांचं दुकान आलं. ओट्यावर ओळीने मांडलेले मऊ, स्वच्छ मासे, आणि त्यांच्या शब्दावर पिशवी उघडून उभी राहिलेली माणसं.

"मऊ," ते म्हणाले. "तीस वर्षं."

आजी त्यांच्याकडे बघत राहिल्या. पारख्यांनीही मान खाली घातली नाही. कान तापले होते, हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं, तरी कुणी आणखी काही विचारेल म्हणून ते तिथेच उभे राहिले.