योम कुमहीची जागा

दक्षिण कोरियातल्या आमच्या कुनसान शहरात, बंदराच्या मागच्या गल्लीत माझं केस कापायचं दुकान आहे. वरच्या मजल्यावर योम कुमही राहायची. वयाची चाळिशी ओलांडलेली, वृद्धांच्या रुग्णालयात मदतनीस. आजाऱ्यांचं अंग पुसणं, त्यांची कूस बदलून देणं, त्यांना भरवणं हे तिचं काम. नवरा मासळीचा ट्रक चालवायचा. लेक दासोल बारावीला होती.

दासोलला गणित म्हटलं की झोप यायची. तिला जागं ठेवायला कुमही शेजारी बसू लागली. नुसतं काय बसायचं, म्हणून तीही गणितं सोडवू लागली आणि तिला त्याची गोडी लागली. तिची शाळा लहानपणीच सुटली होती; बारावीची परीक्षा तिने लग्नानंतर बाहेरून दिली होती. एकदा केस कापून घेताना मला म्हणाली, "ताई, सरकारी विद्यापीठात नर्सिंगच्या पदवीला वयाची अट नाही. बारावी पाहिजे आणि प्रवेश परीक्षेचे गुण. मी चौकशी केली."

"पोरांमध्ये बसणार?"

"बसायला काय जातंय."

माय-लेकी एकाच वर्षी परीक्षेला बसल्या. दोघींनी त्याच विद्यापीठात नर्सिंगलाच अर्ज केला. मोठ्या वयाच्यांसाठी तिथे वेगळ्या जागा नव्हत्या. निकाल लागला तेव्हा कुमहीचं नाव यादीत होतं. दासोल प्रतीक्षा यादीत, तिसरी.

कुमहीच्या सासूबाई सरळ माझ्या दुकानात आल्या आणि गिऱ्हाइकांसमोर म्हणाल्या, "आईने पोरीच्या तोंडचा घास काढला. ऐकलंय कुठे असं?" गल्लीतल्या बहुतेकांचं तेच मत होतं. माझंही.

प्रवेश पक्का करायच्या आदल्या संध्याकाळी मी वर कोबीची किमची द्यायला गेले, तेव्हा घरात हाच विषय चालला होता.

"मी नाव काढून घेते," कुमही म्हणाली.

"मग मी तिसरीची दुसरी होईन," दासोल म्हणाली. "पुढे काय? आणखी कुणाच्या आईच्या पाया पडायचं?"

"एक तरी कमी होईल."

"आई, तू नाव काढलंस तर मला जागा मिळाली तरी मी जाणार नाही. आधीच सांगते."

नवरा भात चावत राहिला. घास गिळून म्हणाला, "पोरगी नको म्हणते ना? मग जा तू."

कुमही गेली आणि प्रवेश घेतला.

पुढे दोन जणांनी जागा सोडल्या. यादी दुसऱ्या नावापर्यंत सरकली आणि थांबली. आईने नाव काढलं असतं तर लेक आत गेली असती, हे घरात सगळ्यांना कळत होतं. दासोलने त्याबद्दल तक्रार केली नाही, पण बरेच दिवस आईशी बोललीही नाही. सासूबाईंनी कुमहीच्या हातचं जेवण सोडलं. स्वतःपुरता भात वेगळा शिजवायच्या. कुमही कॉलेजला जायची, शनिवार-रविवार जुन्या कामावर, आणि रोज जेवणानंतर गणिताचं पुस्तक उघडून टेबलाशी बसायची. सुरुवातीला एकटीच. वसंत संपत आला तेव्हा एकदा दासोल आपली वही घेऊन समोर येऊन बसली.

पुढच्या वर्षी तिचं नाव लागलं. नव्या मुलांच्या स्वागताला दुसऱ्या वर्षाची मुलं ओळीने उभी होती, त्यात कुमही. रिवाजाप्रमाणे दासोलने कमरेतून वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "सीनियर, आम्हाला सांभाळून घ्या."

"मोजे घातलेस का?" कुमहीने विचारलं. सगळी पोरं हसली.

दोघी नर्स झाल्या. दासोलला वॉर्ड मानवला नाही. ती आता एका शाळेच्या आरोग्य खोलीत असते. कुमही जिल्हा रुग्णालयात फुप्फुसाच्या वॉर्डात लागली. तिची प्रमुख तिच्यापेक्षा बरीच लहान आहे आणि तिला "कुमही मॅडम" म्हणते. सासूबाई आता तिच्याच हातचं जेवतात. मीठ कमी असतं अशी तक्रार करतात, आणि रक्तदाब बघून कुमही ते कमीच ठेवते.