बाबांचं जर्मन

बहिणीकडे जर्मनीला जायचं ठरलं तेव्हा बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. खडकीच्या कारखान्यातून निवृत्त होऊन त्यांना चौदा वर्षं झाली होती. तिकिटं, व्हिसा, विमा हे सगळं मी पाहिलं. त्यांची अट एकच होती: तिथे निदान पाव-दूध तरी ते स्वतः विकत आणणार, तेही तिथल्या भाषेत बोलून. खरेदी करताना दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत उभं राहायची त्यांना सवय नव्हती.

दोन महिने रोज संध्याकाळी वारज्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर दुकान मांडलं. मी दुकानदार, ते गिऱ्हाईक. आकडे, पावती, उरलेले पैसे परत. जर्मनमध्येही एकवीस म्हणताना एक आधी येतो आणि वीस नंतर, आपल्यासारखंच, याचा त्यांना फार आनंद झाला. एकदा मी मुद्दाम म्हणालो, "सुट्टे नाहीत. समोरून आणा."

"अरे, तू जर्मन दुकानदार आहेस ना?"

"काउंटरमागे गेलं की सगळे पुणेकरच, बाबा."

ते हसले. आई गेल्यानंतर त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. पण हेही लिहायला हवं की बऱ्याच संध्याकाळी मी फोनकडे बघतच उत्तरं देत होतो.

तिथे पोहोचल्यावर तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं कोपऱ्यावरच्या बेकरीत गेलो. बाबांनी चार पाव मागितले. काउंटरमागच्या बाईंनी रक्कम सांगितली. ती त्यांना कळली, ओठांतल्या ओठांत त्यांनी ती पुन्हा म्हटली. मग विचारलं, "कान इश बार बेत्सालेन?" रोख देऊ का? बाईंनी होकारार्थी मान हलवली. ते एकेक नाणं तळहातावर घेऊन, उलटंसुलटं करून पाहू लागले.

आमच्या मागे पाच-सहा माणसं होती. कुणी काही बोललं नाही. कुणी घड्याळही पाहिलं नाही. लाज वाटली ती मला. बाबांच्या खांद्यावरून हात पुढे करून मी माझं कार्ड मशीनला टेकवलं.

"होत होतं माझं," रस्त्यात ते एवढंच म्हणाले.

मागे लोक खोळंबले होते, असं मी सांगितलं.

उरलेले अठरा दिवस ते एकाही दुकानात शिरले नाहीत. बहिणीला त्यांनी गुडघ्याचं कारण दिलं. मी तिला खरं सांगितलं नाही.

नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा होता. दरवर्षी ते एकटे बँकेत जात. यंदा म्हणाले, चल बरोबर. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "आजोबा, पत्ता तोच आहे ना?"

त्या पत्त्यावर ते वीस वर्षं राहताहेत. प्रश्न मराठीत होता. बाबा एक पाऊल मागे सरकले आणि मी बोलावं म्हणून माझ्याकडे बघत राहिले.

मी बोललो. सही कुठे करायची, तेही बोटाने दाखवलं.