काढलेलं प्रकरण

दिवाळी अंकांत माझ्या चार गोष्टी छापून आल्या, तेव्हापासून गोंदियाजवळच्या आमच्या गोरेगावच्या कॉलेजातल्या मुली विचारायला येतात की कादंबरी कशी लिहायची. मी चौथी शिकलेली बाई. कादंबरी एकच लिहिली आणि तीही छापून आलेली नाही. तरी विचारतात, म्हणून जे कळलं ते सांगते.

रोज लिहा. मी भात चुलीवर ठेवून लिहायला बसायचे. शिजेपर्यंत एक पान. दोनदा भात करपला, घरच्यांनी तसाच खाल्ला. पानाच्या एकाच बाजूला लिहा, दुसरी बाजू दुरुस्तीला राहू द्या. लिहून झालं की दोन महिने वहीला हात लावू नका, मग तुमच्या चुका तुम्हाला दुसऱ्याच्या असल्यासारख्या दिसतात. टाइप करून आणलं तर ओळन् ओळ वाचा. गोंदियातल्या टायपिंगवाल्याने माझ्या बायकांची बोली सुधारून दिली होती. म्हणाला, "माँजी, गलतियाँ बहुत थीं, सब ठीक कर दीं." चार दिवस त्याच्या शेजारी बसून मी सगळं परत बिघडवून घेतलं.

मोठ्याने वाचून दाखवा, असंही लोक सांगतात. बरोबर आहे. पण कोणाला, ते बघा. मी तिथेच चुकले.

आमच्याकडे रोवणीला, म्हणजे धानाची रोपं लावायला, बायका एकमेकींच्या बांधीत, धानाच्या खाचरात, जातात. आज त्या माझ्या धानात, उद्या मी त्यांच्या. एखादी रुसली तर रांगेतले दोन हात कमी होतात. मी नेमकं ह्याच बायकांना, रोवणी तोंडावर असताना, ओसरीत बसवून कादंबरी वाचून दाखवली.

एक म्हणाली, "हे चुगल्या करनारी मीच हावो ना? काढा जी तिले." मी काढलं.

दुसरी म्हणाली, "माह्या सासूले एवढी गुनाची काऊन दाखवली? थे तशी नोहती." तेही बदललं.

असं करत तीन वह्यांच्या दोन झाल्या.

माझी धाकटी जाऊ भिंतीला टेकून ऐकत होती. आता आमच्या चुली वेगळ्या आहेत, घरं शेजारी. कादंबरी एका घरातल्या दोन जावांची, म्हणजे आम्हा दोघींचीच. मधल्या प्रकरणात धाकटीची पहिली मुलगी होती, आठ महिन्यांची. रोवणीच्या दिवशी ती तापलेली, मोहाच्या झाडाखाली झोळीत निजवलेली. आई दोनदा रांगेतून उठायला बघते. सासू म्हणते, एवढी बांधी होऊ दे. मोठी जाऊ मध्ये पडत नाही. बांधी होते, तोवर पोर गेलेलं असतं. असं मी लिहिलं होतं. पोर खरंच तसंच गेलं.

वाचून संपल्यावर जाऊ म्हणाली, "हे काढा, बाई." मी कारण विचारलं नाही. त्याच आठवड्यात माझी रोवणी होती. प्रकरण काढलं, पानं पेटीत ठेवली आणि उरलेलं प्रकाशकाकडे पाठवलं. झेरॉक्स पाठवली. मूळ वही कोणाला देऊ नका.

तीन महिन्यांनी फोन आला. "आजी, भाषा फार छान आहे. पण ह्या दोघी जावा एका घरात राहून अकरा वर्षं एकमेकींशी बोलत का नाहीत, तेच कळत नाही. मधलं काहीतरी निघून गेलंय. ते लिहून द्या, मी पुस्तक काढतो."

मी जावेकडे गेले. ती सुपात लाखोरीची डाळ पाखडत होती.

"पुस्तक निघून राहिलं म्हनते. पोरीचं थे प्रकरन लागते त्याले."

"मंग टाका."

"तूच तं काढा म्हटलं होतं."

"खोटं होतं म्हनून म्हटलं. सासूचं नाव कायले लावलं? थे तं त्या दिवशी बांधीत आलीच नोहती." तिने सूप खाली ठेवलं. "एवढी बांधी होऊ दे मंग जाय, हे कोन म्हटलं होतं, बाई?"

मी सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"तुमी म्हटलं. माह्या बाजूलेच होत्या. थे लिवा, मंग खुशाल छापा. मी अडवून नाही राहिली." सूप उचलत म्हणाली, "एवढ्या वह्या भरल्या तुमी. एक ओळ नाही होत?"

नाही होत. रांगेत मी मोठी होते, काम माझ्या अंगावर होतं, धानाचे उपटलेले पऱ्हे लावायचे पडले होते. मला वाटलं साधा ताप आहे. हे कारण आहे की सबब, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. लिहायला बसले की हात आपोआप वेगळंच लिहितो. एकदा लिहिलं, "कोणीतरी म्हणालं." एकदा, "मोठीच्या तोंडून निघून गेलं." एकदा तर मोठीला रडवलं. मी त्या दिवशी रडले नव्हते. ही सगळी पानं मी फाडली. सासू मेलेली आहे, तिच्यावर ढकलणं सोपं गेलं होतं, ते प्रकरण मी एका बैठकीत लिहिलं होतं. मुली विचारतात, खरं कसं लिहायचं. मी त्यांना वही, झेरॉक्स, टायपिंग सांगते. ह्याचं मला सांगता येत नाही.

मागच्या आठवड्यात प्रकाशकाचा परत फोन आला.

"आजी, झालं का?"

"नाही."

"आधी लिहिलेलं असेल ना काही? जसं असेल तसं पाठवा, चालेल. वाचकाला दुवा मिळाला म्हणजे झालं."

त्याचं खरं होतं. सासूवालं प्रकरण पाठवलं असतं तर पुस्तक निघालं असतं. जावेला वाचता येत नाही. पण तिच्या सुनेला येतं, आणि सून तिला वाचून दाखवणार. मी त्याला सांगितलं, ती पानं हरवली.

तो म्हणाला, "मग सध्या थांबवू या पुस्तक?"

मी बरं म्हटलं.